शाळेच्या हॉकी संघाचा कीपर असा घडवा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांमध्ये हॉकीचा संघ बहुधा एकट्या क्रीडाशिक्षकाच्या जोरावर उभा असतो. मैदानावर फक्की तोच मारतो, स्पर्धेचे फॉर्म तोच भरतो, पोरांना एसटीत बसवून जिल्ह्याच्या गावी तोच नेतो. एवढी पोरं सांभाळताना कीपर मागे पडतो. सराव सुरू झाला की त्याला पॅड बांधून गोलात उभं करायचं आणि बाकीच्यांनी डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावरून मारत सुटायचं, हा सगळीकडचा रिवाज. त्यात फॉरवर्डचा सराव होतो, कीपरचा होत नाही. त्याच्या वाट्याला नुसते चेंडू येतात आणि गोल झाला की बोलणी.

नुकताच संघ हाती आलेल्या क्रीडाशिक्षकासाठी हे लिहितो आहे. तुम्ही स्वतः कधी पॅड बांधले नसतील तरी चालेल. कीपरला रोज त्याची स्वतःची वीस मिनिटं द्या आणि त्या वीस मिनिटांत तुमचं पूर्ण लक्ष त्याच्यावर असू द्या, एवढंच माझं मुख्य म्हणणं आहे. बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं.

आइस हॉकीत हे काम फार मनापासून केलं जातं. फ्रांस्वा अलेर या प्रशिक्षकाने मॉन्ट्रियल संघाचा कीपर पॅट्रिक रॉय याच्यासोबत वर्षानुवर्षं काम करून 'बटरफ्लाय' पद्धत घोटून घेतली. गुडघ्यांवर बसायचं, पाय दोन्ही बाजूंना पसरायचे आणि गोलाचा खालचा भाग बंद करायचा. रॉय गोलात असताना मॉन्ट्रियलने १९८६ आणि १९९३ साली स्टॅन्ली कप, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगचा सगळ्यात मोठा चषक, जिंकला. आपल्याकडे भारतीय संघानेही नेदरलँड्सच्या डेनिस व्हॅन डी पोल यांना खास कीपरसाठी बोलावलं होतं. आता ती बटरफ्लाय आपल्या मैदानावर आणू नका. आइस हॉकीचा गोल १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असतो, आपला ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. आपल्या गोलात गुडघ्यावर बसलेला कीपर दोन्ही बाजू उघड्या टाकतो. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की कीपरचं शिक्षण वेगळं असतं आणि त्याला वेगळा वेळ लागतो.

पोर निवडताना

जाड आहे, पळता येत नाही, उशिरा आला, म्हणून गोलात उभा केला, असं कधीच करू नका. कीपर हा संघातला सगळ्यात चपळ पोरांपैकी एक हवा. बारा-तेरा वर्षांपर्यंत कुणावर शिक्का मारू नका. सगळ्यांना आळीपाळीने गोलात उभं राहू द्या, टेनिसच्या चेंडूवर. मग बघत बसा.

बघायचं काय? चेंडू तोंडाकडे आला की कोण डोळे मिटतो आणि कोण उघडे ठेवतो. पडल्यावर कोण लगेच उठतो. गोल खाल्ल्यावर कोण जाळीतला चेंडू स्वतः काढून पुन्हा जागेवर जातो आणि कोण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गोलात उभं असताना पुढच्यांना हाका कोण मारतो. उंची चांगली असेल तर बरंच, पण ती मी शेवटी बघतो.

आपल्याकडे कबड्डी आणि खो-खो गावोगाव आहे, त्याचा फायदा घ्या. कबड्डीत कोपऱ्यावर खेळणाऱ्या पोराला खाली वाकून उभं राहायची सवय असते, समोरच्याच्या पायावरची नजर हलत नाही आणि मातीत अंग टाकायची भीती मोडलेली असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांमध्ये अशी पोरं-पोरी भरपूर आहेत. भारताचा गाजलेला कीपर पी. आर. श्रीजेशही लहानपणी धावणं, लांब उडी, व्हॉलीबॉल असं सगळं करून तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा शाळेत गेला आणि तिथल्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून गोलात उभा राहिला. पुढे त्याने दोन ऑलिंपिक पदकं आणली. पोरात काय आहे ते त्या प्रशिक्षकाला आधी दिसलं होतं. तुमचं पहिलं काम तेच आहे.

निवड झाल्यावर पोराला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट सांगा की ही जागा महत्त्वाची आहे, म्हणून तुला दिली. अमळनेर-पारोळ्याकडे आई हमखास विचारते, "मना पोऱ्याले लागी तं नही जाई ना सर?" तिला हसण्यावारी नेऊ नका. शाळेत बोलवा, सगळं किट तिच्यासमोर मांडा, पोराला घालून दाखवा. तिच्याच हातात हेल्मेट द्या. पुढे पोर सरावाला यायला कंटाळलं तरी ती माउली त्याला पाठवते.

किटशिवाय खरा चेंडू नाही

याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलइतकाच जड आणि तितकाच कडक. तो पाच-सहा मीटरवरून येतो. हेल्मेट, गळ्याचं गार्ड, छातीचं गार्ड, अ‍ॅब्डोमन गार्ड, पायाचे पॅड, किकर (बुटावर बांधायचं पावलाचं गार्ड) आणि दोन्ही ग्लोव्ह्ज, एवढं अंगावर असल्याशिवाय कीपरवर खरा चेंडू मारू द्यायचा नाही. मुलींनाही ओटीपोटाचं गार्ड लागतं. हे सांगताना लाजू नका, शाळेतल्या बाईंना सांगायला लावा.

किट नाही म्हणून क्रिकेटचे पॅड आणि हेल्मेट चालवायचा मोह होतो. नको. क्रिकेटच्या पॅडमध्ये पाऊल उघडं राहतं आणि हॉकीच्या कीपरचं निम्मं काम पावलानेच होतं. त्या हेल्मेटमध्ये गळाही मोकळा राहतो. किट येईपर्यंत टेनिसच्या चेंडूवर सराव घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पूर्ण संच एकदम घ्यायला पैसे नसतील तर माजी विद्यार्थी, गावातला पतसंस्थेचा चेअरमन, केळीचा व्यापारी, सगळ्यांकडे जा. नुसतं 'हॉकीसाठी मदत' म्हणू नका. 'कीपरचं हेल्मेट हवं आहे' असं म्हणा. वस्तूचं नाव घेतलं की माणूस देतो. माल जालंधर किंवा मेरठचा असतो, जिल्ह्यातला खेळाच्या सामानाचा दुकानदार मागवून देतो. मागवताना पोराच्या पायाचं माप पाठवा. मोठ्यांचे पॅड लहान पोराला बांधले की ते गुडघ्यावरून फिरतात आणि पोर अडखळतं.

घालायचा क्रम पाठ करून घ्या: अ‍ॅब्डोमन गार्ड, मग किकर, मग पायाचे पॅड, मग छाती आणि कोपरं, गळा, हेल्मेट, शेवटी ग्लोव्ह्ज. पॅडची बक्कलं पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवीत. आत आली तर पळताना एकमेकांत अडकतात. बांधून झालं की पोराला दोन उड्या मारायला, एकदा बसून उठायला सांगा. काही सरकलं तर पुन्हा बांधायचं. हे पोराने स्वतः करायचं, पण तपासायचं तुम्ही, रोज, प्रत्येक पट्टा ओढून.

सराव संपला की किट सावलीत वाळवा. उन्हात टाकलं की फोम कडक होऊन तडकतो. रात्री खेळाच्या खोलीत जमिनीवर ठेवू नका, खिळ्याला टांगा. घामाच्या खारट पट्ट्या उंदीर कुरतडतात आणि स्पर्धेच्या सकाळी ते कळतं. हेल्मेटला चीर गेली असेल तर ते फेकून द्या, चिकटपट्टीने भागवू नका.

ऊन

एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सगळं किट चढवलेलं पोर त्यात अक्षरशः शिजतं. उन्हाळ्यात सराव पहाटे उजाडता उजाडता सुरू करा आणि पूर्ण किटमधला भाग पंधरा-वीस मिनिटांच्या वर नेऊ नका. मधे एकदा तरी हेल्मेट, ग्लोव्ह्ज काढून सावलीत बसवा. मीठ-साखरेचं पाणी किंवा पन्हं द्या. पोराला मळमळलं, डोकं दुखलं, ते असंबद्ध बोलायला लागलं किंवा घाम येणंच थांबलं, तर सराव तिथेच बंद. किट काढा, सावलीत आणा, मानेवर, काखेत गार पाणी मारा आणि दवाखान्यात न्या. एरवी, पंधरा-वीस मिनिटांनंतरचा सराव किटविना: भिंतीवर चेंडू, पायांच्या हालचाली, दोरी.

मैदान

आपली मैदानं काळ्या मातीची किंवा मुरुमाची. दिवाळीनंतर काळ्या मातीला भेगा पडतात, मुरमावर खडे वर येतात, आणि चेंडू कधी उसळेल ते सांगता येत नाही. म्हणून गोलासमोरचा निदान पाच मीटरचा पट्टा तरी रोज सरावाआधी पोरांना ओळीने उभं करून खडे वेचून साफ करा. पाणी मारून रोलर फिरवता आला तर उत्तमच. अशा मैदानावर कीपरला एक सवय लावा: नुसता पाय पुढे करायचा नाही, अंग चेंडूच्या मागे न्यायचं. चेंडू उसळला तरी पॅडला, छातीला, कशाला तरी लागेल.

वरच्या स्पर्धांना गेलात की टर्फ असतं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवरच खेळली जाते. तिथे चेंडू उसळत नाही, पण सरपटत फार वेगाने येतो. टर्फवरच्या स्पर्धेआधी एक-दोन दिवस शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर पुश मारून कीपरच्या पायांना तो वेग दाखवा. डाइव्ह मात्र सिमेंटवर नाही. डाइव्ह शिकवायची जागा म्हणजे लांब उडीचा वाळूचा खड्डा. आधी गुडघ्यावरून बाजूला पडायला शिकवा, मग बसून, मग उभ्याने.

दोरीचा धडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कीपर गोल वाचवतो तो बऱ्याचदा उडी मारून नाही, तर आधीच योग्य जागी उभं राहून. हे तोंडाने कितीही सांगितलं तरी पोराला पटत नाही. डोळ्यांनी दाखवावं लागतं.

सुतळी नको, जाड दोरी घ्या, बैलाचा कासरा असला तरी चालेल. एक टोक डाव्या पोस्टला, दुसरं उजव्या पोस्टला, कंबरेच्या उंचीवर. दोरीच्या मधोमध धरून डीच्या आत साधारण दहा मीटरवर या, तिथे चेंडू ठेवा आणि दोरी चेंडूपाशी जमिनीवर टेकवा. आता चेंडूपासून दोन्ही पोस्टपर्यंत दोन रेषा तयार झाल्या. गोलात जाणारा प्रत्येक चेंडू या दोन रेषांमधूनच जाणार.

कीपरला गोलरेषेवर उभं करा. त्याच्या दोन्ही बाजूंना किती मोकळं आहे ते त्यालाच पावलांनी मोजायला लावा. मग एक पाऊल पुढे, पुन्हा मोजायचं. आणखी एक पाऊल. दोरी दोन्ही बाजूंनी जवळ यायला लागते. अडीच-तीन मीटर पुढे आल्यावर हात-पाय पसरले की दोन्ही दोऱ्या जवळपास हाताला लागतात. इथे पोराचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग त्याला चेंडूपाशी आणा, दुसऱ्या कुणाला गोलात उभं करा आणि फॉरवर्डला गोल केवढा दिसतो ते वाकून, चेंडूच्या उंचीवरून बघू द्या. कीपर पुढे आला की गोल लहान दिसतो. हे एकदा त्या जागेवरून पाहिलं की पोर विसरत नाही.

पुढे चेंडू डावीकडे न्या, उजवीकडे न्या, दर वेळी दोरी त्याच्यासोबत. कीपरने दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मधे राहायचं. त्याची पावलं जिथे जिथे पडतील तिथे फक्कीची खूण करा. शेवटी एका पोस्टजवळून निघून पुढे येणारी आणि दुसऱ्या पोस्टजवळ जाणारी कमान तयार होते. ती त्याची वाट. काही आठवडे ती कमान फक्कीने आखत जा, मग पुसू द्या. चेंडू अगदी बाजूला, बेसलाइनजवळ असेल तर पोस्टला खेटूनच उभं राहायचं, पोस्ट आणि पाय यांच्यात फट ठेवायची नाही.

पुढे यायचं म्हणजे किती, हा प्रश्न पोर विचारणारच. फॉरवर्ड एकटा असेल तर जास्त. बाजूला पास द्यायला दुसरा मोकळा असेल तर कमी, कारण पास गेल्यावर तुला तिकडे पोचायचं आहे. याचं उत्तर मोजपट्टीने देता येत नाही. दोन फॉरवर्ड उभे करून खेळूनच ते अंगात मुरतं.

उभं कसं राहायचं

पावलं खांद्याएवढी अलग, वजन चवड्यांवर, गुडघे वाकलेले, छाती किंचित पुढे. उजव्या हातात स्टिक, डावा पंजा उघडा, दोन्ही हात पुढे, म्हणजे कीपरला स्वतःचे ग्लोव्ह्ज डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले पाहिजेत. टाचा टेकल्या की पोर उशीर करतं. तपासायला सोपं: हलकेच छातीला धक्का द्या, मागे गेला तर वजन टाचांवर आहे.

एक खोड जवळपास प्रत्येक नव्या कीपरमध्ये असते. फॉरवर्ड स्टिक मागे नेतो त्याच क्षणी कीपर उडी मारून उभा राहतो किंवा आधीच एका बाजूला झुकतो. त्याला सांगा, स्टिक वर गेली की तू थांब. हलत असशील तर थांब. पाय जमिनीवर असतील तरच कुठेही जाता येईल.

रोजची वीस मिनिटं

बाकीचा संघ धावत असेल, स्ट्रेचिंग करत असेल, तेव्हा कीपर तुमच्याकडे. पहिली चार-पाच मिनिटं टेनिसचा चेंडू भिंतीवर मारून झेलायचा, एका हाताने, मग दोन चेंडू. पुढची पाच मिनिटं फक्त किक. तुम्ही हाताने चेंडू सरपटत टाका, उजवीकडे आला तर उजव्या पायाने उजवीकडे, डावीकडे आला तर डाव्या पायाने डावीकडे, साइडलाइनच्या दिशेने. दोन्ही बाजूंना दोन दगड ठेवून त्यांच्यापलीकडे मारायला सांगा. समोर, डीच्या मध्यावर परत जाणारी किक म्हणजे दुसऱ्या फॉरवर्डला दिलेला पास.

मग रिबाउंड. पहिला चेंडू अडवला की ताबडतोब दुसरा, वेगळ्या बाजूने. पोराने पहिला अडवल्यावर श्वास सोडायच्या आत दुसरा यायला हवा. ही सवय शाळेच्या पातळीवर सगळ्यात जास्त गोल वाचवते, कारण लहान वयोगटात बरेच गोल पहिल्या फटक्यावर होत नाहीत, सुटलेल्या चेंडूवर होतात.

शेवटी खरे फटके, आणि इथे फॉरवर्डना शिस्त लावा. कीपर तयार आहे हे त्याने हात वर करून सांगितल्याशिवाय फटका नाही. एका वेळी एकच चेंडू, एकच खेळाडू. आठ-दहा फटके झाले की थांबायचं, बोलायचं. दमलेल्या पोरावर चेंडूंचा मारा केला तर त्याला फक्त तोंड वळवायची सवय लागते.

बोलताना एका दिवशी एकच गोष्ट सुधारा. आज हात, तर आज पायाबद्दल बोलायचंच नाही. आणि नुसतं "शाब्बास" म्हणू नका. "आता पुढे येऊन उभा राहिलास म्हणून तो तुझ्या अंगावर मारून बसला" असं सांगा. पोराला काय बरोबर केलं ते कळलं तरच ते पुन्हा करता येतं.

आवाज

कीपरला सगळं मैदान समोर दिसतं, डिफेंडरला पाठीमागचं दिसत नाही. म्हणून हाका मारणं हे कीपरचं कामच आहे. शब्द थोडके ठरवा: "माझा", "काढ", "डावा मोकळा", "थांब", आणि पोराचं नाव. पोरं आपसात अहिराणीत, पावरीत बोलत असतील तर हाकाही त्याच भाषेत असू द्या. गडबडीत तोंडाला जी येते तीच लवकर कळते.

मुलींच्या संघात इथे जास्त वेळ द्यावा लागतो. घरी "हळू बोल" ऐकत वाढलेल्या पोरीला मैदानभर ओरडायला सांगितलं की ती लाजते. तिला रिकाम्या मैदानात, तुम्ही दुसऱ्या टोकाला उभे राहून, हाका मारायला लावा. ऐकू आली तर हात वर करा. हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातल्या जोधकान गावची भारताची कीपर सविता पुनिया टोकियो ऑलिंपिकच्या उपउपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियासमोर उभी राहिली आणि भारत १–० ने जिंकला. तिचे सामने मोबाइलवर आवाज वाढवून मुलींना दाखवा. चेंडू दूर असतानाही ती डिफेंडरना जागा कशी लावून देते ते ऐकवा.

पेनल्टी कॉर्नर आणि शूटआउट

पेनल्टी कॉर्नर, म्हणजे डीतल्या फाउलबद्दल समोरच्या संघाला बेसलाइनवरून मिळणारी संधी. त्या वेळी कीपर धरून पाचच जण गोलरेषेमागे असतात. कोण धावत पुढे जाणार, कोण पोस्टवर थांबणार हे कीपरने ठरवून मोठ्याने सांगायचं. तुम्ही बाहेरून नाही. पहिला फटका हिट असेल तर चेंडू गोलरेषा ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे मागच्या फळीच्या उंचीखालूनच ओलांडायला हवा. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे स्टिकवर ओढत नेऊन उचलून फेकलेल्या चेंडूला, ही मर्यादा नाही. शाळेत ड्रॅग फ्लिक मारणारं पोर क्वचितच असतं, म्हणून आधी खालचा चेंडू पक्का करा. धावणाऱ्या आणि पोस्टवरच्या पोरांना मास्क मिळाले तर घालाच. टोकियोत जर्मनीविरुद्ध ५–४ अशी आघाडी असताना शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि श्रीजेशने तो अडवला, तो प्रसंग पोरांना दाखवताना चेंडू निघायच्या आधीचे क्षण दाखवा.

बरोबरीतल्या सामन्याचा निकाल लावणाऱ्या शूटआउटमध्ये फॉरवर्ड २३ मीटरच्या रेषेवरून निघतो आणि त्याला ८ सेकंद असतात. कीपर सुरुवातीला गोलरेषेवर. नवा कीपर धावत येऊन आडवा पडतो आणि फॉरवर्ड त्याला वळसा घालून जातो. शिकवायचं ते उलट: वेगाने पुढे ये, पण पायांवर राहा, त्याला बाजूला ढकल, तिरक्या कोनात ने, घड्याळ तुझ्या बाजूने चालतंय. सरावात तुम्ही मोठ्याने आठपर्यंत मोजा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध बराच वेळ दहा जणांवर खेळून भारताने सामना शूटआउटमध्ये ४–२ ने जिंकला. ते आठ-आठ सेकंद पोरांसोबत थांबवत थांबवत बघण्यासारखे आहेत.

गोल झाल्यावर तुम्ही काय करता

प्रशिक्षकाची खरी परीक्षा इथे होते. १९८० सालच्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये, आइस हॉकीत, सोव्हिएत संघाच्या गोलात व्लादिस्लाव त्रेत्याक होता, १९७२ आणि १९७६ ची सुवर्णपदकं गळ्यात घातलेला. समोर अमेरिकेची महाविद्यालयीन पोरं. पहिलं सत्र संपायला एक सेकंद उरलेला असताना दुरून आलेला फटका त्रेत्याकने अडवला, पण पक (आइस हॉकीतली चेंडूऐवजी वापरायची चकती) समोर सुटला आणि अमेरिकेच्या मार्क जॉन्सनने तो गोलात घातला. २–२. प्रशिक्षक विक्टर तिखोनोव यांनी दुसऱ्या सत्रासाठी त्रेत्याकला बसवून टाकलं. सोव्हिएत संघ तो सामना ३–४ ने हरला आणि तिखोनोव यांनी पुढे तो आपल्या कारकिर्दीतला सगळ्यात चुकीचा निर्णय असल्याचं कबूल केलं. समोरच्या गोलात जिम क्रेग होता. ३९ फटक्यांपैकी ३६ त्याने अडवले. वॉरन स्ट्रेलो नावाचे खास कीपरचे प्रशिक्षक त्याच्यामागे होते.

तालुक्याच्या सामन्यात आपण तिखोनोवचंच करतो. एक गोल बसला की बाहेरून ओरडतो, हाफटाइमला दुसरा कीपर बांधायला लावतो. दुखापत किंवा उन्हाचा त्रास असेल तर जरूर बदला. एका गोलासाठी बदलू नका. दोन सत्रांच्या मधे त्याच्याजवळ जा, आधी पाणी द्या, मग एकच वाक्य, पुढच्या चेंडूबद्दल. "पुढे ये थोडा." बस. झालेल्या गोलाची चर्चा सामना संपल्यावर, आणि तीही घरी जेवून झोपल्यावर दुसऱ्या दिवशी. गोलामागे कुणी शिक्षक, पालक उभे राहून सल्ले देत असतील तर त्यांना हात जोडून दुसरीकडे न्या.

राखीव खेळाडूपैकी एकाला वही द्या. वहीत डीचं चित्र काढलेलं असावं. फटका जिथून आला तिथे टिंब, गोल झाला तर त्याभोवती वर्तुळ काढायचं. चार-पाच सामन्यांनंतर टिंबं स्वतःच बोलतात. डाव्या पोस्टच्या बाजूने सारखे गोल होत असतील तर दोष कीपरच्या जागेचा आहे की तिकडच्या डिफेंडरचा, ते दोघांना शेजारी बसवून बघता येतं. कीपरला नुसता गोलांचा आकडा सांगितला तर त्याच्या हातात काहीच पडत नाही.

धुळ्याहून शिरपूर, सेंधव्यावरून आग्रा रोडने सरळ गेलं की महू लागतं. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तिन्ही ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत भारताच्या गोलात उभे राहिलेले शंकर लक्ष्मण तिथले. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. पहिला आणि तिसरा सामना भारताने १–० ने जिंकला, मधला ०–१ ने गेला. मधल्या हरलेल्या सामन्यानंतर चार वर्षांनी टोकियोत गोलात पुन्हा तेच होते. एका गोलानंतर कीपर बदलायचा विचार मनात आला की हे आठवा.

दुसरा कीपर

संघाच्या यादीत दोन कीपर ठेवा, आणि दुसऱ्याला खरे सामने खेळवा. जिल्हा स्पर्धेतला सोपा सामना असेल तर सुरुवातीपासून त्याला उतरवा, शेवटची पाच मिनिटं नको. सरावात दोघांनी एकमेकांना चेंडू टाकायचे, एकमेकांचे पट्टे तपासायचे. नेहरू हॉकी या शालेय स्पर्धेच्या पंधरा वर्षांखालच्या संघातला पोरगा सतरा वर्षांखालच्या गटात गेला की त्याच्याच हातात तो कासरा द्या आणि नव्या पोराला दोरीचा धडा त्याला शिकवू द्या. शिकवताना त्याची स्वतःची जागाही पक्की होते. तुम्हाला त्याच्यात विभागीय, राज्य पातळीची धमक दिसली, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन क्रीडा प्रबोधिनीच्या (सरकारी निवासी क्रीडा केंद्राच्या) निवड चाचण्यांची तारीख आधीच विचारून ठेवा, जन्मदाखला आणि आधार कार्ड दुरुस्त करून घ्या. नावातल्या एका काना-मात्रेसाठी चाचणीची संधी जाऊ शकते, आणि ही कामं पोराच्या आई-बापापेक्षा तुम्हाला लवकर जमतात.